क्रेडिट कार्ड फेडू की लवकर रिटायर व्हायला साठवू? दोन्हीचा मेळ असा घाला

पगार झाला की ५ तारखेला १०,००० ची एसआयपी कापली जायची, ४,००० आरडीत जायचे, आणि मला वाटायचं आपलं बरं चाललंय, पन्नाशीला नोकरी सोडायची म्हणजे सोडायचीच. त्याच महिन्यात १८ तारखेला दोन कार्डांचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरायचे आणि तो विषय तिथेच मिटायचा. मग एका रविवारी दुपारी दोन्ही स्टेटमेंटची प्रिंट काढली, पिवळा हायलायटर घेतला आणि ठरवलं की फक्त दोनच ओळी शोधायच्या, एक फायनान्स चार्जेसची आणि दुसरी तिच्याखालच्या जीएसटीची. पहिल्या कार्डावर १,८४,००० थकलेले, महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे व्याज ६,४४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,१५९. दुसऱ्यावर ४२,००० थकलेले, ३.४ टक्के, व्याज १,४२८, जीएसटी २५७. बेरीज केली तर ९,२८४ रुपये. म्हणजे एका हाताने १०,००० म्युच्युअल फंडात घालत होते आणि दुसऱ्या हाताने ९,२८४ जाळत होते, आणि हे कितीतरी महिने चाललेलं.

तुमचंही असं काही चालू असेल तर आज पहिलं काम हेच करा, सगळ्या कार्डांची स्टेटमेंटं काढा आणि या दोन ओळींची बेरीज कागदावर लिहा. बाकीचं सगळं नंतर. हा आकडा डोळ्यासमोर आल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट होत नाही, मी अनुभवाने सांगते.

मिनिमम ड्यूचं काय होतं तेही बघून घ्या. बऱ्याच कार्डांवर ते थकबाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असतं. माझ्या १,८४,००० वर ९,२०० भरले की त्यातले ७,५९९ व्याज-जीएसटीत गेले आणि मूळ रक्कम कमी झाली फक्त १,६०१ ने. कार्ड पुन्हा एकदाही न वापरता असंच ५-५ टक्के भरत बसलं असतं तर थकबाकी निम्म्यावर यायलाच साधारण साडेसहा वर्षं लागली असती. आणि कार्ड वापरायचं थांबत नाही हीच तर गोम आहे, कारण पूर्ण बिल भरलं नाही की ते ४५-५० दिवसांचं बिनव्याजी वगैरे जे सांगतात ते गेलंच, मग काल घेतलेल्या किराण्यावरसुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. हे मला कितीतरी उशिरा कळलं, मला वाटायचं जुन्या थकबाकीवर व्याज आणि नवीन खरेदीला सवलत आहेच.

आणि कुणीतरी वरून लगाम घालेल अशी आशा ठेवू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यामुळे हा दर आपल्यालाच संपवायचाय.

आता मुख्य प्रश्न, साठवायचं की फेडायचं. यात मी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगते, कार्डावर थकबाकी आहे तोपर्यंत नवीन गुंतवणूक बंद. साडेतीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला ४२, जीएसटी धरून साडेएकोणपन्नासच्या वर. कार्डात भरलेला प्रत्येक रुपया तुम्हाला हा दर वाचवून देतो, हमखास, आणि वाचलेल्या व्याजावर टॅक्स नाही. याउलट ७ टक्क्यांची एफडी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस वगैरे जाऊन हातात पाच टक्केसुद्धा देत नाही. पीपीएफ ७.१ टक्के आहे. इक्विटी फंडाकडून लांबच्या मुदतीत १२ टक्क्यांची अपेक्षा लोक धरतात, पण ती अपेक्षा आहे, गॅरंटी नाही. चाळिशीच्या आत रिटायर व्हायचं म्हणून एसआयपी एक महिनाही चुकवायची नाही असं ज्यांनी डोक्यात घेतलंय त्यांना हे टोचेल, मलाही टोचलं होतं, पण गणितच एकतर्फी आहे.

फक्त सगळं बंद करायचं नाही, चार गोष्टी चालूच ठेवायच्या.

पीएफला हात लावू नका. तुमचे बेसिक-डीएचे १२ टक्के कापले जातात तेव्हा कंपनीही तेवढेच घालते (त्यातला काही भाग पेन्शन स्कीमला जातो), आणि पीएफमध्ये साठलेल्यावर ८.२५ टक्के व्याज. वरून स्वतःहून जादा पीएफ (व्हीपीएफ) भरत असाल तर तेवढं थांबवता येतं का ते एचआरला विचारा, काही कंपन्यांत वर्षाच्या सुरुवातीलाच बदल करता येतो. आणि नोकरी बदलताना पीएफ काढून कार्ड फेडू असा मोह होतो, तो टाळा, जुना पीएफ नवीन खात्यात ट्रान्स्फर करा. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढलात तर टॅक्सही बसतो आणि लवकर रिटायर व्हायचा पायाच जातो.

टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेमचे हप्ते चालू. यात काटछाट केली आणि घरात एक ऑपरेशन निघालं की परत कार्डच पुढे करावं लागतं. पीपीएफ असेल तर वर्षाला ५०० रुपये भरून खातं जिवंत ठेवा, बस. आणि चौथी गोष्ट म्हणजे हाताशी थोडी रोकड, सहा महिन्यांचा खर्च नाही, तो नंतर, आत्ता एका महिन्याचा. मी ५०,००० ठेवले. लोक म्हणतात कर्ज असताना सेव्हिंगमध्ये पैसे कशाला पडून ठेवायचे, तर त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, मधेच फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा त्या पैशातून भरले आणि कार्ड पाकिटातून बाहेर काढावं लागलं नाही.

नवीन खर्च कार्डावर जाणं आधी थांबवा

फेडायला सुरुवात करायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी द्या. किराणा, टॅक्सी, जेवण मागवायची ॲप्स, सगळीकडे सेव्ह केलेलं कार्ड डिलीट करा. दर महिन्याला आपोआप कापले जाणारे ओटीटी, मोबाइल, लाइट बिल सगळे बँक खात्यावर वळवा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते काढाच, मी काढलं तेव्हा लक्षात आलं की स्टेशनबाहेरचा वडापाव आणि भाजीवाल्याचे ६० रुपयेसुद्धा कार्डावर जात होते, स्कॅन करताना कुठलं खातं निवडलंय ते बघत कोण बसतं. कार्डाने एटीएममधून पैसे तर कधीच काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

कार्ड कापून टाकायची गरज नाही, मी दोन्ही एका पाकिटात घालून कपाटात आईच्या कागदपत्रांच्या फायलीखाली ठेवली.

कर्जाचा दर पाडा

मला सगळ्यात जास्त फरक इथे पडला त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ४२ टक्क्यांचं कर्ज फेडण्याआधी ते स्वस्त करता येतं का ते बघायचं. पहिल्यांदा स्वतःचे पडून असलेले पैसे. माझी १,२०,००० ची एफडी होती, मोडली, दंडाचे किरकोळ पैसे गेले, त्यातले ५०,००० वर सांगितले तसे बाजूला ठेवले आणि ७०,००० मोठ्या कार्डात भरले. उरले १,१४,०००.

त्या १,१४,००० साठी मी सोनेतारण कर्ज काढलं, आणि ते गहाण ठेवलेलं सोनं म्हणजे सासूबाईंनी लग्नात मला घातलेल्या पाटल्या. हे घरात बोलायला मला चार दिवस लागले. त्या म्हणाल्या, "अगं, घरात काही अडलंय का? सोनं गहाण ठेवायची वेळ कुणावर येते?" मी त्यांच्यासमोर स्टेटमेंट ठेवलं आणि म्हटलं आई, हे बघा, शेकडा साडेतीन चाललंय महिन्याला. हायलायटरची ओळ त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. त्या खेड्यातल्या, शेकडा म्हटल्याबरोबर त्यांना लगेच कळलं, म्हणाल्या "एवढ्या दराने आमच्याकडे सावकाराकडूनसुद्धा माणूस नाइलाज झाल्यावरच घ्यायचा," आणि स्वतः माझ्याबरोबर बँकेत आल्या. बँकेने साडेनऊ टक्क्यांनी दिलं. त्याच १,१४,००० वर कार्डात महिन्याला ४,७०८ जात होते, इथे साधारण ९०० रुपये.

सोनेतारण घेताना बँकेचा आणि खाजगी फायनान्स कंपनीचा दर दोन्ही विचारा, फरक खूप असतो. व्हॅल्युएशनचा आणि प्रोसेसिंगचा खर्च किती, मधेमधे थोडे थोडे पैसे भरता येतात का, मुदत किती, हे लिहून घ्या. आणि फेडायची शिस्त नसेल तर या वाटेला जाऊ नका, मुदतीत नाही भरलं तर सोन्याचा लिलाव होतो आणि ते दुःख व्याजापेक्षा मोठं.

सोनं नसेल किंवा घरात पटणार नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. एफडी मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज, ते एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावर पीपीएफच्या दरापेक्षा फक्त १ टक्का जास्तीने कर्ज मिळतं, रक्कम छोटी असते पण मिळते. पर्सनल लोन १२-१६ टक्क्यांत मिळत असेल तरी घ्या, आणि यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. कार्ड कंपनीच "ईएमआयमध्ये बदला" असा मेसेज पाठवते, ती पण सोय आहे, फक्त तिथे हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी असते, हे धरून तुलना करा. नुसता "महिन्याला अमुक टक्के फ्लॅट" असा दर सांगितला तर खरा वार्षिक दर विचारा, फ्लॅटमध्ये तो जवळजवळ दुप्पट निघतो.

म्युच्युअल फंड विकावे का हे पण लोक विचारतात. माझं मत, एफडी नाही, सोनं नाही आणि लोनही महाग मिळतंय, तर विका. वर्षभराहून जुने युनिट असतील तर इक्विटी फंडात वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. ईएलएसएसचे, म्हणजे टॅक्स वाचवायच्या फंडाचे, युनिट असतील आणि तीन वर्षं झाली नसतील तर ते निघणारच नाहीत. फक्त विकलेले पैसे खात्यात येतील त्याच दिवशी कार्डात गेले पाहिजेत, खात्यात पडून राहिले की त्यांना पाय फुटतात.

महिन्याचा हप्ता कसा काढला

एसआयपीचे १०,०००, आरडीचे ४,००० आणि बाहेरून मागवणं, ऑनलाइन खरेदी यातून काढलेले ६,०००, असे २०,००० महिन्याचे ठरवले. एसआयपी ॲपमधून पॉज किंवा कॅन्सल करता येते, त्याला फंड कंपनी दंड लावत नाही, मात्र तारखेच्या थोडे दिवस आधी करा, नाहीतर खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक चार्ज लावते. कार्डात पैसे भरायला ड्यू डेटची वाट बघायची नाही, पगाराच्या दुसऱ्या दिवशी भरा, व्याज दिवसावर चालतं त्यामुळे जितकं लवकर तितकं कमी.

दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यांचं मिनिमम भरून उरलेला सगळा पैसा सगळ्यात जास्त दराच्या कार्डावर मारायचा, गणित हेच सांगतं. पण दरांत पाव-अर्धा टक्क्याचाच फरक असेल तर आधी छोटं कार्ड संपवा, एक स्टेटमेंट शून्य झालेलं बघितल्यावर जो हुरूप येतो तो खरा आहे. माझं ४२,००० चं कार्ड तिसऱ्या महिन्यात संपलं. तिथून उरलेले पैसे सोनेतारणात, आणि नवव्या महिन्यात तेही संपलं. गणिताने बघायला गेलं तर साडेनऊ टक्क्यांच्या कर्जाबरोबर अर्धी एसआयपी चालू करायला हरकत नव्हती, पण पाटल्या घरी आणायच्या होत्या, त्यामुळे मी सगळेच पैसे तिथे लावले.

तुमची रक्कम मोठी असेल, सहा-आठ लाख, आणि तीन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं लागलं तर तीन वर्षं गुंतवणूक बंद ठेवणं जड जातं. मग मी असा हिशोब धरते: दर १३ टक्क्यांच्या वर असेल तर सगळा जादा पैसा कर्जात, ९ ते १३ मध्ये असेल तर निम्मा-निम्मा, आणि ८-९ टक्क्यांचं होम लोन असेल तर त्याला त्याच्या गतीने चालू द्या आणि एसआयपी करा.

फेडताना चार महिने मागे पडलात, फोन यायला लागले, तर घाबरून सेटलमेंटला लगेच हो म्हणू नका. कमी पैशात मिटतं, पण सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि नंतर होम लोनला तो आडवा येतो. आधी बँकेला लेखी विचारा की ईएमआयमध्ये बांधून देता का. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो फोनवर शांतपणे सांगा. आणि एखाद्या महिन्यात ड्यू डेट चुकली तर लगेच भरा, तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच लेट फी लावता येते.

आता रिटायरमेंटचा आकडा परत मांडा

लवकर रिटायर व्हायचं म्हणणारे आपण सगळे एक आकडा घेऊन फिरतो, वर्षाचा खर्च गुणिले २५, तेवढे साठले की थांबायचं. हा २५ पट आला तो अमेरिकेतल्या विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासावरून, साठलेल्या पैशातून वर्षाला ४ टक्के काढायचे, आणि त्यांनी ३० वर्षांचा हिशोब धरला होता, तोही तिकडच्या बाजाराचा आणि तिकडच्या महागाईचा. पन्नाशीला थांबणाऱ्याला ४० वर्षं काढायची असू शकतात आणि आपल्याकडे महागाई जास्त, म्हणून मी ३३ पट धरते.

पण माझी खरी चूक २५ की ३३ यात नव्हतीच, ती खर्चाच्या आकड्यात होती. मी महिन्याचा खर्च ५०,००० धरत होते, कारण बँक खात्यातून तेवढे जात होते. उरलेले ८,००० कार्डावर जात होते आणि कार्डाचं मिनिमम भरलं की ते माझ्या डोक्यातून पुसले जायचे. आता गुणाकार करा, महिन्याचे ८,००० म्हणजे वर्षाचे ९६,०००, त्याच्या ३३ पट म्हणजे ३१,६८,०००. म्हणजे ५०,००० ला १ कोटी ९८ लाख लागणार होते तर ५८,००० ला जवळजवळ २ कोटी ३० लाख. एवढा मोठा खड्डा माझ्या एक्सेल शीटमध्ये दिसतच नव्हता, आणि एसआयपी कितीही नेमाने केली असती तरी पन्नाशीला तो समोर आलाच असता.

म्हणून कर्ज फिटत असताना ते आठ-नऊ महिने खर्च लिहा, रोज, फोनमधल्या साध्या नोट्समध्येही चालेल. सगळं बँक खात्यातून जात असल्यामुळे या काळात पहिल्यांदाच खरा आकडा मिळतो. वर्षातून एकदाच येणारं पण धरा, शाळेची फी, गाडीचा इन्शुरन्स, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, त्याला १२ ने भागून महिन्यात घाला. मी आता ५४,००० धरते. पैकी काही ६,००० वाले खर्च परत आले, काही आलेच नाहीत, मला त्यांची आठवणही झाली नाही.

आणि शेवटचा हप्ता गेला की पुढच्या महिन्याचं काय, हे आधीच ठरवून ठेवा, कारण हातात अचानक २०,००० मोकळे होतात आणि ते कुठे जातात कळत नाही. मी शेवटच्या हप्त्याच्या आधीच्या आठवड्यात २०,००० च्या एसआयपीचा मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) टाकून ठेवला, ५ तारखेचाच. सुरुवातीचे पाच-सहा महिने त्यातले ८,००० लिक्विड फंडात, इमर्जन्सीचे पैसे वाढवायला, आणि १२,००० इंडेक्स फंडात. बंद ठेवलेल्या नऊ महिन्यांत एसआयपी-आरडीचे १,२६,००० गेले नाहीत, पण आधी महिन्याला १४,००० जायचे आणि आता २०,००० जातात, त्यामुळे २१ महिन्यांत तेवढी रक्कम भरून निघते. बंद ठेवल्याने रिटायरमेंट लांबली नाही.

कार्डाचं म्हणाल तर एक बंद केलं, सगळे पैसे भरल्यावर अर्ज दिला की बँकेने सात कामाच्या दिवसांत बंद करून द्यायला लागतं, नाही केलं तर बँकेलाच दिवसाला ५०० रुपये आपल्याला द्यावे लागतात, हा पण रिझर्व्ह बँकेचाच नियम. जुनं कार्ड सिबिलसाठी ठेवलं, पण लिमिट तीन लाखांवरून ४०,००० वर आणून घेतलं आणि पूर्ण बिलाचा ऑटो-डेबिट लावला, मिनिममचा नाही, हा पर्याय निवडताना नीट बघा कारण फॉर्ममध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात.

पाटल्या आणायला परत आम्ही दोघी गेलो. बँकेतल्या बाईंनी पिशवीचं सील सगळ्यांसमोर फोडलं, वजन करून दाखवलं, पावतीवर सही घेतली, आणि सासूबाईंनी तिथेच काउंटरवर त्या माझ्या हातात घातल्या.